मुलीचा बायोडेटा ग्रुपवर टाकताना काय ठेवायचं, काय गाळायचं?

उंबरठा

लेकीसाठी स्थळं बघायला सुरुवात करतोय. नात्यातल्या काकूंनी बायोडेटाचा एक नमुना पाठवलाय. त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, उंची, रक्तगट, शिक्षण, कंपनीचं नाव, पगार, आईवडिलांची नावं, मामांचं नाव-आडनाव-गाव, फ्लॅट नंबरासकट पत्ता आणि दोन मोबाइल नंबर आहेत. खाली लग्नकुंडली, शेजारी तीन फोटो. हा तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि एका फेसबुक ग्रुपवर टाकायचाय.

लेक म्हणते, "आई, हे सगळं वाटून टाकल्यावर मी फेसबुक लॉक करून काय करू?" तिचं पटतं. पण माहिती गाळली की समोरचे म्हणतात, काहीतरी लपवतायत. काय ठेवावं आणि काय नाही? शिवाय वहिनींनी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि त्या फेसबुक ग्रुपवर कालच टाकलाय, तो परत घेता येईल का?

---

कोकणकडा

लेकीचं बरोबर आहे, ताई. प्रोफाइल लॉक करून जे झाकायचं, तेच बायोडेटात एका पानावर मांडलेलं असतं. आणि तो कागद कुणाच्या हातात पडेल ते आपल्याला कळत नाही.

सुटी सुटी माहिती निरुपद्रवी वाटते. एकत्र आली की तिचा किल्ल्यांचा जुडगा होतो.

ई-आधारची पीडीएफ उघडायचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. म्हणजे नाव आणि जन्मसाल जाहीर केलंत की पासवर्ड जाहीर केलात. ती पीडीएफ आपल्याकडेच असते असं तुम्हाला वाटत असेल, तर आजवर किती झेरॉक्सवाल्यांच्या कॉम्प्युटरवर ती उघडून प्रिंट काढली ते मोजा. बऱ्याच बँकांच्या स्टेटमेंटचे पासवर्डही नावाची चार अक्षरं आणि जन्माचा दिवस-महिना असेच असतात. शिवाय लोक सहा आकडी पिन म्हणून सर्रास जन्मतारीखच ठेवतात. व्हॉट्सॲपच्या टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिनही सहा आकडी असतो. तुमच्या घरी कुणी तसा ठेवला असेल तर आधी तो बदला, बायोडेटा नंतर.

मामांचं आडनाव म्हणजेच आईचं माहेरचं आडनाव. 'मदर्स मेडन नेम' हा बँकेचा आणि ईमेलचा जुनाच सुरक्षा प्रश्न. आपल्याकडे तो बायोडेटात 'आजोळ' या मथळ्याखाली छापतात.

मोबाइल नंबर कुठल्याही यूपीआय ॲपात टाकला की बँकेतलं नाव दिसतं. नंबर मुलीचा असेल तर तिचे बँकेचे आणि आधारचे ओटीपीही त्याच नंबरावर येतात. मुलीचा नंबर बायोडेटावर कधीच नको.

रक्तगट का छापतात हे मला अजून कळलेलं नाही. गाळा.

---

पानसुपारी

वरचं सगळं मान्य. पण स्थळ बघणाऱ्याला काय हवं असतं तेही बघायला हवं, नाहीतर कोरा कागद फिरवून उपयोग काय? माझं मत, बायोडेटा दोन पानांचा करावा. पहिलं पान ग्रुपवर. दुसरं पान बोलणं झाल्यावर, त्या एका घरालाच. पूर्वी मध्यस्थ हेच करत. नाव-गाव आणि घराण्याची जुजबी माहिती आधी, पत्रिका मागून. ग्रुप आल्यापासून मधली पायरी गळून पडली.

पहिल्या पानावर: पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर (ज्या समाजाचा ग्रुप आहे तिथे आडनाव अडतच असेल तर आडनाव ठेवा, वडिलांचं नाव गाळा), जन्मसालाऐवजी वय, उंची, शिक्षणाची पदवी, 'पुण्यात आयटी कंपनीत' इतपत नोकरी, उत्पन्नाचा साधारण पट्टा, मूळ गावाचा तालुका, सध्याचं शहर, भावंडं किती, अपेक्षा. एवढ्यावर कुणीही ठरवू शकतं की फोन करावा की नाही.

आता कुंडली. तुम्ही स्वतंत्र विचारलं नाहीत, पण सगळ्यात मोठी गळती तिथेच आहे. जन्मतारीख गाळायची आणि खाली बारा घरांची कुंडली छापायची, यात काहीच लपत नाही. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो, गुरू साधारण वर्षभर, रवी महिनाभर, चंद्र सव्वादोन दिवस आणि लग्न (म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) दोनेक तास. पंचांग चाळता येणारा माणूस कुंडलीवरून उलट चालत जाऊन साल, महिना आणि दोन-तीन दिवसांच्या आतली तारीख काढतो. सोबत नक्षत्राचं चरण दिलं असेल तर दिवसही पक्का होतो, कारण चंद्र एका चरणात सहा तासांच्या आसपासच असतो.

आणि पहिल्या चाळणीसाठी कुंडली लागतच नाही. छत्तीस गुणांचं मेलन हे वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, राशिकूट आणि नाडी या आठ गोष्टींचं. त्या आठही चंद्राच्या राशी-नक्षत्रावरून निघतात. म्हणून 'रास, नक्षत्र, चरण, गण, नाडी' एवढं लिहा. यावरून तारीख फुटत नाही. चंद्र दर सव्वासत्तावीस दिवसांनी त्याच जागी येतो, त्यामुळे साल कळलं तरी त्यात तेरा-चौदा तारखा निघतात. मंगळ मात्र लग्नावरून बघतात (पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं स्थान), तो नक्षत्रावरून कळत नाही. म्हणून 'मंगळ आहे' किंवा 'मंगळ नाही' हे शब्दांत लिहा. गुण जुळले, दोन्ही घरं बोलली की मग जन्मवेळ द्या.

---

उंबरठा

पत्रिकेचं हे डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद. आता फोटो आणि फाइलचं सांगा. बायोडेटा वर्डमध्ये आहे. पत्त्याच्या ओळीवर काळी पट्टी ओढून पीडीएफ केली तर चालेल का? एका फोटोत शेजारी मैत्रीण होती, तिला वर्डमध्येच क्रॉप केलंय.

---

तिसरी_घंटा

दोन्ही चालणार नाही.

काळी पट्टी म्हणजे अक्षरांवर ठेवलेला चौकोन. खालची अक्षरं फाइलमध्ये तशीच राहतात. पीडीएफमध्ये त्या ओळीवरून बोट फिरवून कॉपी करा आणि नोट्समध्ये पेस्ट करा, अख्खा पत्ता येईल. करून बघा. फोनच्या फोटो एडिटरमधल्या हायलायटर पेनने खोडणंही तसंच. ते पेन थोडं पारदर्शक असतं, ब्राइटनेस वाढवला की आकडे वर येतात. नको ती ओळ सरळ डिलीट करा.

वर्डमधलं क्रॉप म्हणजे नुसती चौकट लहान केली जाते. कापलेला भाग फाइलमध्ये असतो, समोरच्याने 'रीसेट पिक्चर अँड साइझ' दाबलं की मैत्रीण परत हजर. तिची परवानगी कोणी विचारलीय? वर्डमध्येच काढायचं असेल तर फोटोवर टिचकी मारून 'कॉम्प्रेस पिक्चर्स', त्यात 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' वर खूण. त्याहून सोपं, फोनवर क्रॉप करून वेगळा फोटो सेव्ह करा आणि तोच वर्डमध्ये घाला.

ग्रुपवर वर्ड किंवा पीडीएफ न पाठवता पानाचं चित्र पाठवा. पान पूर्ण स्क्रीनवर उघडून स्क्रीनशॉट घेतला तरी पुरे. चित्रात खालचा मजकूर राहत नाही आणि फाइलच्या 'ऑथर' खान्यात घरच्या कॉम्प्युटरच्या मालकाचं नाव असतं तेही जात नाही. पीडीएफच द्यायची वेळ आली तर फाइलचं नाव बघा. नाव, आडनाव, बायोडेटा आणि पुढे मोबाइल नंबर अशी नावं लोक देतात, आणि फॉरवर्ड होताना फाइलचं नाव तसंच पुढे जातं. आतला नंबर गाळून काय मिळवलं मग?

फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणूनच पाठवा, 'डॉक्युमेंट' म्हणून नको. फोटो म्हणून गेला की काढलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश निघून जातात. डॉक्युमेंट म्हणून गेला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते आणि फोटो घरी काढला असेल तर घराची जागाही सोबत. क्लॅरिटी चांगली यावी म्हणून बरेच जण नेमकं डॉक्युमेंटच निवडतात. यापुढचे फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये 'लोकेशन टॅग' बंद करा. आयफोनवर फोटो शेअर करताना वर 'ऑप्शन्स' येतं, तिथे लोकेशन बंद होतं.

पहिल्या पानासोबत एकच फोटो, कमरेपर्यंतचा, लांब बाजू ८०० पिक्सेलच्या आसपास. फोनवर बघायला तेवढा पुरतो, मोठा करून वापरायला अपुरा पडतो. मागे दाराची पाटी, गाडीचा नंबर, सोसायटीचं फाटक, गळ्यातलं ऑफिसचं कार्ड दिसत नाही ना ते बघा. आणि हा फोटो इन्स्टा-फेसबुकवर आधी टाकलेला नसावा. तोच फोटो असेल तर गुगल लेन्सवरून उघड्या अकाउंटपर्यंत पोचता येतं. बायोडेटासाठी नवा फोटो काढा आणि तो दुसरीकडे कुठेही वापरू नका.

वॉटरमार्क कोपऱ्यात नको, कोपरा कापला जातो. साडीच्या किंवा ड्रेसच्या नक्षीवर फिकट अक्षरांत तिरका घाला, साध्या भिंतीवरून तो पुसणं आता फार सोपं झालंय. मजकूर प्रत्येक ग्रुपसाठी वेगळा ठेवा. एका ग्रुपला 'क-१', दुसऱ्याला 'क-२', आणि वहीत लिहून ठेवा कुणाला कोणता. उद्या फोटो भलतीकडे दिसला तर कुठून फुटला हे वही सांगेल.

नंबरासाठी वेगळं सिम घ्या, वडिलांच्या नावावर. त्याला यूपीआय, बँक, आधार, ईमेल काहीही जोडू नका. व्हॉट्सॲप उघडलंत की सेटिंग्ज, प्रायव्हसीमध्ये जाऊन 'लास्ट सीन', 'प्रोफाइल फोटो', 'अबाउट', 'स्टेटस' हे 'माय कॉन्टॅक्ट्स'वर न्या. 'ग्रुप्स'मध्येही तेच, नाहीतर कुणीही उचलून कसल्याही ग्रुपमध्ये टाकतं. चौकशीला आलेला प्रत्येक नंबर सेव्ह करू नका. सेव्ह केलात की तो 'माय कॉन्टॅक्ट' होतो आणि त्याला सगळं दिसू लागतं. लग्न ठरलं की सिम नुसतं कपाटात टाकू नका. रिचार्ज बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तरी मिळतो आणि चौकशीचे फोन त्याला जात राहतात. आधी त्यावरचं व्हॉट्सॲप अकाउंट डिलीट करा.

---

आडवाट

एवढा खटाटोप कशासाठी? लाखो बायोडेटा फिरतायत. कोण बसलंय एकेक उघडून पंचांग लावत?

---

कोकणकडा

पंचांग कोणी लावणार नाही, खरंय. पण बायोडेटा वापरायला एवढे कष्ट लागतच नाहीत. नेहमीचा धंदा असा: ग्रुपमधून मुलींचे फोटो आणि माहिती उचलायची, 'विवाह मंडळ' म्हणून मुलांच्या आईवडिलांना फोन करायचा, तुमच्या लेकीचा फोटो दाखवायचा आणि पुढचा नंबर देण्यासाठी नोंदणी फी म्हणून काही हजार मागायचे. पैसे दुसऱ्याचे जातात, पण बोभाटा तुमच्या लेकीच्या नावाचा होतो. दुसरा प्रकार तुमच्याच घरी येतो. फोनवरचा माणूस मामांचं नाव घेतो, गाव सांगतो, मुलगी कुठे कामाला आहे तेही सांगतो. एवढं माहीत आहे म्हणजे ओळखीतलाच, असं समजून माणूस बोलत सुटतो. ती ओळख त्याने आपल्याच कागदावरून वाचलेली असते.

आणि माहिती एकेकाची उचलावी लागते असं थोडंच आहे! फेसबुकवरून ५३ कोटींहून जास्त खात्यांची माहिती नंबरांसकट २०२१ मध्ये उघड्यावर आली, १०६ देशांतली. त्यात भारतातली सुमारे ६० लाख. कोणी पासवर्ड फोडले नव्हते. फोनमधले नंबर टाकून ओळखीचे लोक शोधायची जी सोय होती, तिच्यात ढीगभर नंबर ओतून कोणता नंबर कोणाचा हे काढलं होतं. कंपनीने ती फट २०१९ मध्ये बुजवली, पण तोवर माहिती गेली होती. म्हणून लेकीच्या फेसबुकवर सेटिंग्जमध्ये 'फोन नंबरवरून मला कोण शोधू शकतं' हे 'ओन्ली मी' करा. ईमेललाही तेच.

फेसबुकचं प्रोफाइल लॉक भारतात २०२० पासून आहे, ते लावा, पण त्यावर विसंबू नका. फ्रेंड लिस्ट वेगळी 'ओन्ली मी' करावी. इन्स्टा प्रायव्हेट केलं तरी बायो आणि प्रोफाइल फोटो सगळ्यांना दिसतो, त्यामुळे बायोमधलं कॉलेज-कंपनी काढा. लेकीपेक्षा तुमची, वडिलांची आणि आत्या-मावश्यांची अकाउंट जास्त उघडी असतात. तिच्या वाढदिवसाला 'आमच्या परीला २७ व्या वाढदिवसाच्या शुभेच्छा' अशी पोस्ट मावशीच्या भिंतीवर असेल तर वय-तारीख झाकण्याचा सगळा उद्योग फुकट. जुन्या पोस्टसाठी प्रायव्हसीत 'लिमिट पास्ट पोस्ट्स' आहे, एका फटक्यात मागच्या सगळ्या पब्लिक पोस्ट फक्त मित्रांपुरत्या होतात. मावशीच्या फोनवर बसून करून द्या, सांगून होणार नाही.

---

पानसुपारी

लिंक्डइन राहिलं. मुलाकडचे तिथे बघतातच आणि बघावंही, नोकरी खरी की नाही हे तपासायची ती बरी जागा आहे. बंद करू नका. फक्त ईमेल कुणाला दिसतो ते सेटिंग्जमध्ये तपासा आणि मोबाइल नंबर काढा.

'लपवतायत' म्हणणाऱ्यांसाठी पहिल्या पानाच्या तळाशी एक ओळ घाला: 'पूर्ण पत्ता, जन्मवेळ व इतर फोटो बोलणे झाल्यावर दिले जातील.' ही ओळ असली की तक्रार येत नाही. दुसरं पान देण्याआधी एक व्हिडिओ कॉल, तोही समोरचे आईवडील बसलेले असताना. आणि त्यांच्या गावातला एक तिसरा माणूस शोधा, ज्याचा नंबर त्यांनी दिलेला नाही. आधारकार्ड मात्र कुणी कितीही गोड बोलून मागितलं तरी नाही. हॉलच्या बुकिंगला लागलंच तर मास्क्ड आधार, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

---

तिसरी_घंटा

वहिनींनी टाकलेल्याबद्दल. व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्याला साधारण दोन दिवसांच्या आत 'डिलीट फॉर एव्हरीवन' करता येतं. कालच टाकलाय ना? मग हे वाचून होताच वहिनींना फोन करा. ग्रुपच्या ॲडमिनलाही दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, तेव्हा त्यांच्याशीही बोला. ज्यांच्या फोनच्या गॅलरीत उतरला त्यांच्याकडे तो राहणारच. तिथे नवी, आखूड आवृत्ती टाकून 'आधीचा बायोडेटा रद्द, कृपया पुढे पाठवू नये' असं लिहा. निम्मे लोक तरी ऐकतात.

फेसबुकवर आधी ग्रुपच्या नावाखाली 'पब्लिक' लिहिलंय का 'प्रायव्हेट' ते बघा. पब्लिक असेल तर ती पोस्ट फेसबुकबाहेरही शोधात सापडू शकते. वहिनींना मूळ पोस्ट कधीही डिलीट करता येते. त्यानंतरही गुगलवर नंबर किंवा पत्ता दिसत राहिला तर खासगी माहिती शोधनिकालांतून काढायचा गुगलचा विनंतीअर्ज आहे. त्यात दिसणाऱ्या पानाची लिंक आणि स्क्रीनशॉट मागतात. मूळ पान आधी काढून घ्या, गुगल फक्त रस्त्यावरची पाटी काढतं, घर तसंच राहतं.

फोटो वापरून कुणी खोटं प्रोफाइल काढलं तर रिपोर्ट करण्याआधी प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा आणि युजरनेम दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. रागाच्या भरात सगळं घर आधी रिपोर्ट मारतं, प्रोफाइल उडतं आणि पोलिसांना दाखवायला हातात काही उरत नाही. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. नसतील तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार, तिथे महिला-मुलांसाठी वेगळा विभाग आहे. खोट्या ओळखीला आयटी कायद्याचं कलम ६६सी आणि ६६डी लागतं, दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद. पाठलाग किंवा सतत मेसेज असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८.

२०२३ च्या नव्या डेटा संरक्षण कायद्याकडून इथे फार आशा ठेवू नका. एखाद्याने स्वतःच्या घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्याच्या कक्षेबाहेर आहे, त्यामुळे काकूंनी काकूंना केलेलं फॉरवर्ड त्यात बसणार नाही.

---

उंबरठा

वहिनींना फोन केला, दोन्हीकडचं काढलं. एकच शेवटचं. मंडळाच्या मेळाव्याची नोंदणी गुगल फॉर्मवर आहे, त्यात जन्मवेळेपासून पगारापर्यंत सगळे रकाने आहेत. भरू का?

---

तिसरी_घंटा

लाल तारा असलेले रकानेच सक्तीचे, बाकीचे रिकामे सोडा. जन्मवेळेला तारा असेल तर 'समक्ष' लिहा, रकाना साध्या मजकुराचा असला तर फॉर्म ते घेतो. फोटो अपलोडचा रकाना असेल तर गुगल खात्यात लॉगिन करावं लागतं, तेव्हा लेकीचं रोजचं खातं वापरू नका, नव्या सिमसोबत एक वेगळं ईमेल काढा.

भरण्याआधी आयोजकांना दोन प्रश्न विचारा. उत्तरांची शीट 'एनीवन विथ द लिंक' अशी उघडी ठेवलीय का, आणि फॉर्म पाठवल्यावर 'सी प्रीव्हियस रिस्पॉन्सेस' असं काही दिसतं का. ते दिसत असेल तर आधी भरलेल्यांच्या उत्तरांचा गोषवारा कुणालाही उघडता येतो आणि मोकळ्या रकान्यांतली नावं-नंबर त्यात तसेच्या तसे असतात. मेळाव्यानंतर शीट कधी पुसणार हेही विचारून ठेवा. आयोजकांना यातलं काही कळत नसेल तर छापील फॉर्म मागा, बहुतेक मंडळांकडे तो अजून असतो.